‘जोडी वेगळी केल्यास हमी रद्द’ : नाशिकमध्ये कॉर्न स्नेक घेताना आम्हाला कसं गंडवलं

कॉर्न स्नेक विकणारा माणूस तुम्हाला “एकटा ठेवलात तर झुरेल, जोडीच घ्या” असं म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा. या एका वाक्यापायी आमचे ३५,००० रुपये गेले आणि एक साप गेला. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याने काय काय केलं ते मात्र सगळं लिहिते, कारण हा माणूस नाशिकमध्ये एकटाच असेल असं मला वाटत नाही.

साप हवा होता माझ्या धाकट्या भावाला. अंबडच्या कंपनीत लागल्यापासून तो बोनसचे पैसे यासाठी बाजूला टाकत होता. आईची समजूत घालण्यातच बरेच दिवस गेले. हा इकडचा साप नाही, अमेरिकेच्या आग्नेय भागातला आहे, बिनविषारी आहे, उंदीर खातो, मोठा झाला तरी साधारण ३ ते ५ फूट होतो, नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो, असं सगळं सांगून झालं. आई म्हणाली, “तुझं लग्न झालं की त्याला कोण बघणार?” तो मुद्दा अजून सुटलेला नाही.

भावाला एकच साप हवा होता. एका ओळखीच्या ओळखीतून हा विक्रेता मिळाला. दुकान नाही, पाटी नाही, फ्लॅटच्या मागच्या खोलीत सगळा कारभार. माणूस बोलायला अतिशय गोड, मला पहिल्या मिनिटापासून ‘ताई’. एका सापाची किंमत त्याने १२,००० सांगितली. भाव ठरतोय असं वाटेपर्यंत त्याने एक काचेची पेटी पुढे ओढली आणि आतलं मातीचं फुटकं मडकं उचललं. खाली दोन केशरी साप एकमेकांवर वेटोळं घालून बसले होते. “बघा ताई, कसे बिलगून बसलेत. एकाच वेतातले आहेत, जन्मल्यापासून एकत्र. यातला एक नेलात तर दुसरा खाणं सोडेल.”

हे दृश्य खरंच गोड दिसतं. मोबाइलमध्ये तेव्हा काढलेला फोटो अजून आहे, आणि आता तोच बघितला की मला त्यात वेगळं दिसतं. त्या अख्ख्या पेटीत लपायला जागा ती एकच होती, आणि गरम पट्टी लावलेला कोपराही तोच. सापाला ऊब हवी असते आणि आडोसा हवा असतो. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर दोन साप तिथेच जाणार, एकमेकांबद्दल काही वाटो न वाटो. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे. रानात थंडीच्या दिवसांत कधी एकाच बिळात दोन-तीन सापडतात, वसंतात नर-मादी जुगण्यापुरते भेटतात, तेवढंच. नावाजलेले ब्रीडर, म्हणजे सापांची पैदास करणारे, तेसुद्धा नर-मादीला हंगामात थोडे दिवस एकत्र सोडतात आणि परत आपापल्या पेटीत ठेवतात. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसांत जेवढा जिव्हाळा, तेवढाच त्या मडक्याखाली होता.

तर जोडीचे २६,०००. दोन एकट्या सापांपेक्षा जास्त, कारण म्हणे ‘बाँडेड पेअर’ आणि मादी ‘प्रूव्हन’, म्हणजे आधी अंडी दिलेली. जोडीसाठी खास पेटी ६,५००. वर ‘परिवेश’ पोर्टलवर सरकारी नोंदणी करून देण्याचे २,५००.

या शेवटच्या रकमेबद्दल आधी सांगते, कारण ती सगळ्यात सफाईदार थाप होती. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार काही विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. हे खरं आहे. पण ती नोंदणी वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ करारातल्या, म्हणजे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी आहे. बॉल पायथन त्यात येतो. कॉर्न स्नेक साइटीसच्या यादीतच नाही. म्हणजे जी नोंदणी लागत नाही, तिचे पैसे घेऊन त्याने राजमुद्रेसारखं काहीतरी छापलेला रंगीत कागद आम्हाला दिला. असा कागद कुणी दिला तर वन विभागाच्या कार्यालयात नेऊन दाखवा, पैसे लागत नाहीत. जाता जाता आणखी एक: स्वस्तात हवा असेल तर त्याच्याकडे ‘देशी कॉर्न स्नेक’ही होता. भावाच्या एका सर्पमित्र दोस्ताने फोटो बघूनच सांगितलं की हा आपला तस्कर आहे, कुठल्यातरी मळ्यातून उचललेला. आपल्याकडचे रानातले साप पकडून घरात ठेवणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. पकडले गेलात तर विकणारा नाही, तुम्ही दारात सापासकट उभे असता.

आता खरा गळ. “ताई, हे तर उत्पन्न आहे,” असं म्हणत त्याने कॅल्क्युलेटर काढला. पुढच्या वर्षी पंधरा अंडी, पिल्लू मागे ३,०००, मीच परत घेणार, झाले ४५,०००. लेटरहेडवर तसं लिहूनही दिलं. ज्यांनी इमू पाळले, ज्यांनी २०१९ च्या आसपास कडकनाथ कोंबड्यांत पैसे घातले, त्यांना हे गणित तोंडपाठ असेल. प्राणी चढ्या भावाने विकायचा, पिल्लं परत घेण्याचा कागद द्यायचा, आणि पिल्लं होण्याआधी गायब व्हायचं. इथे तर गायब होण्याचीही गरज नव्हती. का, ते पुढे येईल.

त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात एक अट होती: ‘जोडी वेगळी केल्यास सहा महिन्यांची आरोग्य हमी व पुनर्खरेदी रद्द.’ ती जोडीच्या भल्यासाठी आहे, असं त्याने समजावलं.

घरी आल्यावर थोडे दिवस बरे गेले. मग डिसेंबर लागला. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा नाशिक शहरातही रात्री हुडहुडी भरते. या सापाला पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश ऊब लागते आणि दुसरं टोक २३-२४ ला चालतं. ऊब कमी पडली तर गिळलेलं पचत नाही. आम्हाला दिलेल्या ‘खास’ पेटीत गरम पट्टी होती, पण ऊब ठरावीक अंशावर राखणारा थर्मोस्टॅट नव्हता. थर्मोस्टॅट नसलेली पट्टी एक तर थंड हवेत पुरत नाही, नाही तर इतकी तापते की सापाचं पोट भाजतं. एका सकाळी पेटीत अर्धवट पचलेला, उलटून टाकलेला उंदीर दिसला.

कुणी टाकला? दोन्ही साप मडक्याखाली. कळायला मार्ग नाही. या एका प्रश्नाशी पुढचं सगळं बांधलेलं आहे. साप उलटी करतो तेव्हा त्याला १०-१४ दिवस उपाशी ठेवायचं आणि मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्यायचा, असा साधा नियम आहे. पण कुणाला उपाशी ठेवणार? विष्ठा कुणाची, पातळ कुणाला होतंय, कात कुणाची अडकली, काहीच सांगता येत नाही. विक्रेत्याला फोन केला तर “हवापालट, नॉर्मल आहे ताई, दोघांना एकत्रच भरवा, वाटून खातात.”

साप वाटून खात नाहीत. भावाने चिमट्याने उंदीर आत धरला, दोघांनी दोन टोकांनी धरला आणि गिळत गिळत एकमेकांच्या तोंडापर्यंत आले. दोघांतल्या लहान सापाने, म्हणजे धाकट्याने, वेळेत सोडलं म्हणून निभावलं. अशा वेळी एक साप दुसऱ्याला गिळू शकतो, आणि पाळीव कॉर्न स्नेकमध्ये हे घडल्याच्या नोंदी आहेत. क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा दोघंही मरू शकतात.

धाकटा वाळत चालला. मधल्या भागात किंचित फुगवटा दिसायला लागला. नाशिकमध्ये साप तपासणारे पशुवैद्य फार थोडे. मिळाल्या त्या डॉक्टर बाईंनी पेटीचा फोटो बघताच विचारलं, “हे दोघं एकत्र का?” भावाने जोडीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, उलट्या आणि हा फुगवटा बघता क्रिप्टोस्पोरिडियमची शंका घ्यावी लागेल. पोटाच्या अस्तरात राहणारा परजीवी. सापातून तो हमखास घालवणारं औषध नाही, आणि तो विष्ठेतून पसरतो. एकत्र ठेवलेत म्हणजे एकाला असेल तर दुसऱ्यालाही लागण झाली असं धरूनच चालायचं. नवा साप घरात आला की दोन-तीन महिने सगळ्यांपासून लांब ठेवतात तो याचसाठी, आणि माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असतील तर त्याही त्या काळात दिसून येतात. “आजच वेगळे करा.”

जाता जाता त्यांनी बोथट सळईने दोघांचं लिंग तपासलं. शेपटीच्या मुळाशी सळई नरात बरीच खोल जाते, मादीत थोडीशी. दोघांतही खोल गेली. दोन नर. आता कळलं असेल की त्याला पळून जायची गरज का नव्हती. पंधरा अंडी, ४५,०००, पुनर्खरेदी, सगळं त्या कागदावर राहणार होतं आणि त्याला एक पिल्लूही परत घ्यावं लागणार नव्हतं. मादी खरी असती तरी ते गणित खोटंच होतं. साधारण ३ वर्षांची आणि ३०० ग्रॅम वजनाची होईपर्यंत मादी जुगवू नये असं जाणकार सांगतात. लवकर जुगवली तर अंडी अडकून मरू शकते. शिवाय खरी नर-मादी जोडी कायम एका पेटीत असती तर मादीला श्वास घ्यायला उसंत मिळाली नसती.

साप त्याच संध्याकाळी वेगळे केले. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला डॉक्टरांचा अहवाल पाठवला. उत्तर एका ओळीचं: “ताई, तुम्ही जोडी वेगळी केलीत ना? मग हमी संपली.”

ती अट किती विचार करून घातली आहे ते मला तेव्हा दिसलं. आजारी साप वेगळा केल्याशिवाय कुठलाही डॉक्टर उपचार करत नाही. म्हणजे उपचार केले तर हमी जाते. न करता सहा महिने वाट पाहिली तर साप मरतो, आणि कुठल्या सापाला काय झालं याचा पुरावा पेटीत मिसळून गेलेला असतो. एकत्र ठेवायला सांगण्यात त्याचा फायदा दोनदा होता: विकताना एकाच्या जागी दोन खपले, आणि नंतर आजारी माल कुठला हे झाकलं गेलं. माझ्या मते धाकटा त्याच्याकडे असतानाच आजारी होता, आणि एकटा कुणी घेतला नसता म्हणून जोडीत घातला. हे मी सिद्ध करू शकत नाही.

धाकटा जानेवारीत गेला. थोरला वेगळ्या पेटीत आहे, खातो आहे. त्याचा विष्ठेचा पहिला पीसीआर नमुना निगेटिव्ह आला. पण हा परजीवी प्रत्येक विष्ठेतून बाहेर पडतोच असं नाही, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते.

पोलीस ठाण्यात “नाग की घोणस?” इथून सुरुवात झाली आणि बराच वेळ तिथेच राहिली. पैसे यूपीआयने त्रयस्थाच्या खात्यावर गेले होते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन पैसे जाताच काही तासांत फोन केला तर जास्त कामाची, आम्हाला उशीर झाला होता. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाची वाट धरली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ती ऑनलाइनही दाखल होते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलतात.

तुमच्याकडे आत्ता अशी जोडी एकाच पेटीत असेल तर वेगळी कराच, पण त्याआधी थोडं काम करा. दोघांचे वेगवेगळे फोटो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, पेटीचा व्हिडिओ, त्यात गरम पट्टी आणि थर्मोस्टॅट नसलेली वायर दिसू द्या. ‘वैद्यकीय कारणासाठी वेगळे ठेवणे आवश्यक’ असं डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. आमच्या तक्रारीत त्या अटीला उत्तर म्हणून हाच कागद जोडला आहे. प्रत्येकाला स्वतंत्र झाकणबंद पेटी, दोन्ही टोकांना लपायला जागा, पाण्याचं भांडं, आणि पट्टीला थर्मोस्टॅट. मोठ्या सापाला साधारण ४ फूट लांबीची पेटी लागते, पिल्लाला लहानच बरी. आणि विक्रेत्याशी झालेलं सगळं बोलणं आजच्या आज एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. आमच्या चॅटमधला “वाटून खातात” हा मेसेज त्याने नंतर दोन्हीकडून डिलीट केला. भावाने तो आधीच मित्रांच्या ग्रुपवर चेष्टा म्हणून स्क्रीनशॉट काढून टाकला होता, तोच आता तक्रारीसोबत पुरावा म्हणून लावला आहे.