पडणे टाळण्यासाठी फिजिओथेरपी: घरी, क्लिनिकमध्ये की गटात?

घरातले ज्येष्ठ एकदा पडले, की घरच्यांपुढे तीन पर्याय असतात: फिजिओथेरपिस्टला घरी बोलवायचे, जवळच्या क्लिनिकमध्ये न्यायचे, किंवा ज्येष्ठ नागरिक संघातल्या नाहीतर सोसायटीतल्या व्यायामवर्गात नाव घालायचे. ‘रोज जरा चालत जा’ एवढे सांगून थांबण्याचा चौथा मार्गही अनेक घरांत धरला जातो. एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, त्यामुळे ही निवड खुब्याचे हाड मोडेपर्यंत लांबवू नये.

निवडीचा निकष जागा किंवा उपकरणे हा नसून, व्यायामात शरीराचा तोल खरोखर कामाला लावला जातो का, हा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि साठीपुढची, आपापल्या घरी राहणारी २३ हजारांहून अधिक माणसे होती. व्यायामाने पडण्याचे प्रमाण एकूण २३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. तोलाच्या व्यायामाला स्नायूंचे बळ वाढवणारा व्यायाम जोडला, तेव्हा ही घट सुमारे ३४ टक्के होती. निव्वळ चालण्याचा असा फायदा मात्र स्पष्टपणे दिसला नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. माणूस पडतो तो बहुधा वळताना, रात्री घाईने उठताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना किंवा मोरीच्या ओल्या फरशीवरून कोरड्या खोलीत पाय टाकताना. सरळ रस्त्यावर चालून यांपैकी कशाचाच सराव होत नाही. मधुमेहासाठी आणि हृदयासाठी चालणे जरूर चालू ठेवावे, पण ज्यांचे पाय लटपटतात त्यांनी आधी तोल सुधारावा.

क्लिनिकची मोठी जमेची बाजू म्हणजे नीट तपासणी. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, या साध्या चाचणीला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे मानतात. दोन समांतर दांड्यांमध्ये उभे राहून सराव करता येतो आणि पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशी देखरेख अत्यावश्यक ठरते. तरीही एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: पलंगावर झोपवून गुडघ्याला शेक आणि करंट देऊन घरी पाठवले, तर दुखणे कमी होईल, पण तोल सुधारणार नाही. दुखणे कमी झाल्याने व्यायाम करता येतो, म्हणून ते उपचार व्यर्थ नाहीत. मात्र त्यानंतर रुग्णाला उभे केले जाते का, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे. शिवाय जिने उतरून रिक्षाने जाणेच जिथे धोक्याचे आहे, तिथे हा पर्याय फार दिवस टिकत नाही.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात आखलेल्या कार्यक्रमाचा आहे. त्यात घोट्याला वजन बांधून पायांचे व्यायाम, तोलाचे व्यायाम आणि चालणे असते; व्यायाम आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे अर्धा तास करायचे असतात. त्याच्या चार चाचण्या एकत्र पाहिल्या असता पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले आणि ऐंशीच्या पुढच्यांना विशेष लाभ झाला. खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की त्यात थेरपिस्ट रोज येत नाही. सुरुवातीच्या काही भेटींत व्यायाम शिकवून हळूहळू अवघड करतो आणि मधल्या काळात फोनवर चौकशी करतो. म्हणून महिनाभर रोज बोलावण्यापेक्षा तेवढ्याच भेटी सहा महिन्यांत विभागून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. घरी आल्यावर त्याला सरकणारे पायपुसणे, मोरीचा उंबरठा आणि कमोडजवळ दांडी नसणे हेही दिसते. स्वयंपाकाच्या ओट्याला बोटे टेकवून एका पावलापुढे दुसरे पाऊल जोडून दहा सेकंद उभे राहणे, मग बोटे उचलणे, हा व्यायाम आजी कुकरची शिट्टी होईपर्यंतही करू शकतात. जमिनीवर बसणाऱ्यांना, पडल्यावर कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, खुर्चीच्या आधाराने कसे उठायचे, हेही त्याने शिकवावे.

गटातील व्यायाम स्वस्त असतो आणि सोबतीमुळे खंड कमी पडतो. व्यायाम थांबला की फायदाही ओसरतो, म्हणून हा गुण लहान नाही. परंतु वीस जणांच्या वर्गात एकच शिक्षक कोणाचा तोल जात असेल तर वेळेवर धरू शकत नाही, आणि बसून केलेल्या प्राणायामाने पाय बळकट होत नाहीत. भिंतीजवळ केलेले वृक्षासन, टाचा उचलणे, बाजूला पावले टाकणे हे वर्गात असेल तरच तो या कामाचा.

गेल्या वर्षभरात पडलेले किंवा घरात भिंत-कपाट धरत चालणारे ज्येष्ठ असतील तर घरच्या भेटींपासून सुरुवात करावी आणि पाय स्थिरावल्यावर गटात जावे. जिना आधाराशिवाय चढणारे आणि कधी न पडलेले थेट गटात जाऊ शकतात. तीनही मार्गांत आठवड्याला एकूण तीन तासांचे लक्ष्य ठेवावे.

उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावे. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजून वरचा आकडा २०ने किंवा अधिक उतरतो का, हे तपासून घ्यावे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दाखवाव्यात, मोतीबिंदूही पाहून घ्यावा.