नाव चाळीस टनांचं, जोर दहाचा: रुळांची गॅप जुळवायच्या मशीनमध्ये माझे जवळजवळ तीन लाख गेले

मी चंद्रपूर जिल्ह्यात खासगी साइडिंगची, म्हणजे मुख्य लाइनपासून कारखान्यात जाणाऱ्या फाट्याची, देखभाल करतो. कोळसा येतो त्या कारखान्यांच्या आतले रूळ, त्यांचे सांधे, खडी, स्लीपर हे माझं काम. चौदा वर्षं झाली. गँगमध्ये अठरा माणसं आहेत. मुकादम काका रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी हयात ट्रॅकवर गेली. हे सगळं लिहितोय ते माझ्यासारख्या छोट्या ठेकेदारांसाठी. मला फसवणाऱ्या माणसाचं दुकान नव्या नावाने पुन्हा सुरू झालंय, आणि जाहिरातीत फोटो त्याच मशीनचा आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर मी घाई का केली हे कळणार नाही.

आमच्याकडे साइडिंगवर अजून तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटने, म्हणजे सांध्यावर बोल्टने आवळलेल्या पोलादी पट्ट्यांनी, जोडलेले आहेत. उन्हाने रूळ वाढतो म्हणून दोन रुळांच्या मध्ये फट ठेवतात. तेरा मीटरचा रूळ दहा अंशांना साधारण दीड मिलिमीटर वाढतो. पहाटे वीस अंशांवर असलेला रूळ दुपारी साठावर गेला की सहा मिलिमीटर झाले. चंद्रपूरच्या मे महिन्यात साठ ही मोठी गोष्ट नाही, हवाच पंचेचाळीसच्या वर असते. त्यातून भरलेला रेक, म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची (मालडब्यांची) गाडी, टिपलरकडे (डबा उलटा करून कोळसा ओतणाऱ्या यंत्राकडे) उतारावर ब्रेक लावत येतो आणि परत जातो तो रिकामा. त्यामुळे रूळ हळूहळू टिपलरच्या दिशेने सरकतात. याला आम्ही क्रीप म्हणतो. खालच्या बाजूचे सांधे मिटत जातात, वरच्या बाजूचे उघडतात.

फेब्रुवारीत आम्ही मोजलं तेव्हा खालचे अकरा सांधे पूर्ण मिटले होते. पोस्टकार्ड घालायलाही जागा नव्हती. वरच्या काही सांध्यांत अठरा-वीस मिलिमीटरची फट. असंच ऊन लागलं असतं तर रूळ वाढायला जागा नाही, मग तो आडवा फुगतो आणि वाघीण रुळावरून खाली येते. कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांनी पत्र दिलं: मार्चअखेर गॅप जुळवा, त्यानंतर रेल्वेची पाहणी आहे.

जुनी पद्धत अशी की क्लिपा (रूळ स्लीपरला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा) काढायच्या, फिशप्लेट सोडायच्या आणि एकेक रूळ पहारींनी मागे घ्यायचा. एका रुळाखाली वीस-एक स्लीपर येतात, म्हणजे चाळीस क्लिपा काढायच्या आणि परत ठोकायच्या. दोन रेकच्या मध्ये आम्हाला जेमतेम दोन तास मिळत होते. म्हणून मला हायड्रॉलिक गॅप अ‍ॅडजस्टर हवा होता. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ जबड्यात धरायचे, मध्ये दोन सिलिंडर, हातपंप मारला की रूळ ओढला जातो किंवा ढकलला जातो. जोर पुरेसा असेल तर क्लिपा न काढता काम होतं.

ओळखीच्या ठेकेदाराचं मशीन मार्चभर दुसरीकडे अडकलेलं. नवीन घ्यायला दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीही चार लाखांच्या वर सांगितलं. तिसरा इंटरनेटवर सापडला, परराज्यातला. दर दोन लाख पस्तीस हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, एकूण दोन लाख सत्त्याहत्तर हजार तीनशे. कागदावर 'क्षमता ४० टन, पोर्टेबल, दोन माणसं उचलतील, क्लिप न काढता चालेल' असं लिहिलेलं. मला जे ऐकायचं होतं तेच त्याने लिहून दिलं होतं. नंतर लक्षात आलं, मीच पहिल्या फोनवर त्याला आमची अडचण, तारीख, दोन तासांचा ब्लॉक (गाडी नसताना कामाला मिळणारा वेळ), सगळं सांगून टाकलं होतं. त्याने फक्त ते कागदावर उतरवलं.

मी म्हटलं, चालवून दाखवा. त्याने व्हिडिओ कॉल केला. शेडमध्ये जमिनीवर रुळाचे दोन तुकडे, त्यांवर मशीन, एक पोरगा पंप मारतोय आणि फट उघडतेय. मी खूश झालो. पण ते तुकडे मोकळे होते. मोकळा तुकडा दोन माणसं पहारीने सरकवतात, त्याला मशीन कशाला लागतं? तेरा मीटरचा, मीटरला साठ किलोचा अख्खा रूळही वजनाने आठशे किलोच्या आतच आहे. वजनाने तो जड नसतो, क्लिपांनी धरलेला असतो. एका क्लिपचा दाब टनाच्या आसपास, अशा चाळीस. आमचा ढोबळ हिशेब क्लिपांसकट एक रूळ ओढायला पंधरा-वीस टनांचा होता. हे मला माहीत होतं, तरी स्क्रीनवर फट उघडताना बघून ते डोक्यातून गेलं.

अर्धे पैसे दिले, एक लाख अडतीस हजार सहाशे पन्नास. आठ दिवसांनी फोन आला की माल गाडीत चढलाय, ड्रायव्हर थांबलाय, उरलेले टाका. सोबत ई-वे बिलाची (माल गाडीने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) पीडीएफ आणि चाचणी प्रमाणपत्राचा फोटो. मी ई-वे बिलावरचा नंबर आणि गाडीचा क्रमांक पाहिला आणि पैसे सोडले. टॅक्स इन्व्हॉइस मागितलं तर 'महिनाअखेर एकत्र काढतो' म्हणाला. तीच पीडीएफ मी तीन आठवड्यांनी नीट वाचली. पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं, मालाचं वर्णन 'जॅकचे सुटे भाग' आणि किंमत साठ हजार. हे सगळं पैसे देण्याआधी माझ्या हातात होतं. दोन मिनिटं दिली असती तर निम्मे पैसे वाचले असते.

मशीन आलं. पिवळा रंग इतका ताजा की हाताला लागत होता. मुकादम काकांनी बोटाने एका जागी खरवडलं तर खाली हिरवा रंग, आणि पाटीच्या रिव्हेटशेजारी जुनी बुजवलेली भोकं. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलं फक्त. मी म्हटलं, काका, उद्या लावून बघू.

सकाळी सहाला ब्लॉक मिळाला. रूळ चोवीस अंशांवर. वरचा अठरा मिलिमीटर उघडलेला सांधा घेतला, फिशप्लेटचे बोल्ट काढले, मशीन बसवलं, पंप सुरू. गेजचा काटा शंभर, दोनशे, तीनशे असा चढला आणि चारशेला जाऊन थांबला. पंपाचा दांडा खाली जायचा, आत तेल फिरल्याचा सुस्कारा यायचा, काटा तिथेच. काका गुडघ्यावर बसून फटीत टेपर गेज (फट मोजायची निमुळती पट्टी) धरून होते. म्हणाले, "भाऊ, काटा चढून राहिला, पन रूळ हालून नाही राहिला."

आम्ही चार स्लीपरच्या क्लिपा काढल्या, पुन्हा पंप. मग आणखी चार. तेवढ्यात रुळाच्या डोक्यावरची जबड्याची पकड सुटली. ठण्ण असा आवाज झाला आणि अख्खी चौकट हातभर मागे उडाली. पंपावरच्या पोराच्या उजव्या हाताला दांडा बसला. मनगटाच्या वर हाडाला चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर. तो बावीस वर्षांचा आहे, घरी कमावणारा तो एकटाच. सहा आठवड्यांचा पगार आणि दवाखाना मी दिला, ते द्यायलाच हवं होतं. पण काकांची बोटं टेपर गेजसकट त्या फटीपासून वीतभर अंतरावर होती. ती वीत मला अजून झोपू देत नाही. पैशांचं दुःख वेगळं, हे वेगळं.

जबड्याचे दात बघितले तर एकाच ओढीत गुळगुळीत झालेले. खऱ्या जबड्याचे दात कडक केलेले असतात, ते रुळाच्या पोलादात रुततात. इथे रुळावर ओरखडाही नव्हता आणि दातांचाच भुगा पडला होता. कानस मारून पाहिली, साध्या लोखंडासारखी चालली.

विक्रेत्याला फोन केला. तो अजून फोन उचलत होता, आणि बोलायला फार गोड. तेल चुकीचं पडलंय, सील गेलीत, किट पाठवतो, अठरा हजार पाचशे टाका. मी तेही टाकले. एवढे पैसे गुंतले की माणूस मशीन चालू व्हावं म्हणून आणखी टाकतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

मग मी मशीन एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे नेलं. त्याने सिलिंडर उघडला, व्हर्निअर लावला आणि खडूने शटरवर हिशेब मांडला. हा हिशेब प्रत्येकाने करावा, आठवीच्या गणिताच्या पुढे त्यात काही नाही. सिलिंडरचा आतला व्यास पन्नास मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) चौरस सेंटिमीटरला चारशे किलोवर सुटतो, म्हणजे एका सिलिंडरचा ढकलण्याचा जोर पावणेआठ टनांच्या थोडा वर, दोघांचा मिळून पावणेसोळा टन. पण आम्हाला ओढायचं होतं. ओढताना तेल दांड्याच्या बाजूने शिरतं, तिथे दांड्याची जागा वजा होते. दांडा अठ्ठावीस मिलिमीटर, उरलं साडेतेरा चौरस सेंटिमीटर. गुणिले चारशे, गुणिले दोन: दहा टन आठशे किलो. पाटीवर चाळीस लिहिलंय. गेजची तबकडी सातशेपर्यंत छापलेली होती. पंप सातशे देतो असं धरलं तरी ढकलण्याचा आकडा साडेसत्तावीसच्या वर जात नाही. चाळीस कुठूनच येत नाही.

म्हणून कुणीही असं मशीन विकायला आलं तर आधी टन विचारू नका. सिलिंडरचा व्यास किती, दांड्याचा किती, व्हॉल्व्ह किती दाबावर सुटतो, आणि ओढण्याचा जोर वेगळा किती, हे लेखी मागा. ज्याने मशीन बनवलंय तो फोनवरच सांगेल. ज्याने रंगवलंय तो सांगेल की इंजिनिअर साहेब रजेवर आहेत. माझ्या बाबतीत तेच झालं होतं. मी एकदा विचारलं होतं आणि हे उत्तर ऐकून गप्प बसलो.

प्रमाणपत्राचंही तेच. त्यावर क्रमांक होता, शिक्का होता. ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं तिथे फोन केला, तो क्रमांक त्यांनी दिलेलाच नव्हता. त्यांनी मेलवर तसं लिहून दिलं, तक्रारीला तो कागद उपयोगी पडला. फोन एक रुपयाचा, पण मी तो पैसे दिल्यावर केला.

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. म्हणजे कर म्हणून दिलेले बेचाळीस हजार तीनशे माझ्या २बीमध्ये (परत मिळू शकणाऱ्या कराच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत) कधी आलेच नाहीत, येणारही नव्हते. नोंदणी रद्द असलेल्या माणसाने माझ्याकडून कर घेतला आणि खिशात घातला.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. आधीच्या दोन्ही रकमा कधीच पुढच्या खात्यांत गेल्या होत्या. सील किटचे अठरा हजार पाचशे मात्र एका दिवसाच्या आत कळवले, ते बँकेत गोठवले गेले. अजून हातात आलेले नाहीत, पण कुठे आहेत ते माहीत आहे. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, माल तर मिळाला ना, मग हा दिवाणी वाद. मी ई-वे बिल, प्रयोगशाळेचा मेल आणि रद्द जीएसटी नंबर तिन्ही पुढे ठेवले, तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ वकिलांनी अर्जात लिहून दिलं होतं. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तिथे सहसा जागा नाही. स्वतःच्या रोजीरोटीसाठी स्वतः वापरली हे दाखवता आलं तर अपवाद, आणि अठरा माणसांच्या गँगला ते दाखवणं अवघड. दिवाणी दावा करायचा तर कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं, वाद झाल्यास त्यांच्या शहरातलं न्यायालय. दर तारखेला रेल्वेचं भाडं आणि दोन दिवसांची खोटी.

काम आम्ही जुन्या पद्धतीनेच उरकलं. नऊ पहाटे गेल्या. क्लिपा काढ, रूळ घे, शिम (फट ठरवायची पातळ पट्टी) घाल, क्लिपा ठोक. शेवटच्या दोन दिवसांना ओळखीच्या ठेकेदाराचं खरं मशीन मिळालं. ते चार माणसांनी उचलावं लागतं, जबडे हातोड्याने पाचर मारून बसवावे लागतात, आणि दाब चढला की क्लिपांसकट रूळ किर्रर करत मिलिमीटर मिलिमीटरने येतो. काकांनी गेज काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले, आता तुम्ही धरा, बघा कसं येते ते. सहाचा शिम घातला, बरोबर बसला. पाहणी पार पडली.

गेल्या महिन्यात एक जण विचारायला आला, पिवळं मशीन पडूनच आहे तर चाळीस हजारांत देता का, एका छोट्या ठेकेदाराला हवंय. मी नाही म्हणालो. त्याच दुपारी गॅस कटरने दोन्ही जबडे मधोमध कापले, पाटी काढून पोलिसांच्या कागदांबरोबर ठेवली आणि बाकीचं भंगारात किलोवर घातलं. एक कापलेला जबडा टेबलावर ठेवलाय. मशीन घ्यायचंय म्हणून कुणी फोन केला तर मी त्याला म्हणतो, आधी येऊन या दातांवरून बोट फिरवून जा.