आषाढाच्या झडीत छत्रपती संभाजीनगर: तीन पिढ्यांच्या छोट्या सहलीचा अभिप्राय

आषाढी एकादशी होऊन गेलेली असते आणि श्रावण अजून लागायचा असतो, ते मधले दोन-अडीच आठवडे छत्रपती संभाजीनगर पाहण्यासाठी सर्वांत चांगले आहेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. श्रावण लागला की शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला आणि सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला इतकी गर्दी लोटते की म्हातारी माणसे सोबत असतील, तर त्या रस्त्याला लागू नये हेच बरे. उन्हाळ्यात दौलताबादच्या कातळावर दुपारी उभे राहवत नाही. मधल्या या दिवसांत मात्र, पाऊस वेळेवर झालेला असेल तर, घाट हिरवा होतो, लेण्यांवरून पाणी कोसळू लागते आणि गर्दी बेताचीच असते. आम्ही परभणीची माणसे. पाऊस पडला म्हणून सहल बिघडली, असे बोलण्याची आम्हाला सवयच नाही. झड लागली होती, तरी घरातले सगळे आनंदातच होते.

सोबत सत्तरी ओलांडलेली आई, बहीण, भाऊजी आणि मुले होती. आईचे गुडघे दुखतात आणि तिचा चातुर्मास असतो, म्हणजे कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य. या दोन गोष्टींचा विचार करूनच सगळी आखणी करावी लागली. त्यामुळे हा अभिप्राय मुख्यतः वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना एकत्र घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे, असे समजावे. जाण्यासाठी आम्ही धर्माबादहून मनमाडकडे जाणारी मराठवाडा एक्स्प्रेस निवडली. सकाळी परभणीला बसले की दुपारच्या आत संभाजीनगरला उतरता येते आणि पहिल्या दिवसाचा उत्तरार्ध हाताशी राहतो. डब्यात आईने आणलेल्या आखाडातल्या कापण्या आणि तिखट पुऱ्या होत्या, त्यामुळे स्थानकांवरच्या खाण्याकडे कोणी पाहिलेही नाही.

मुक्कामासाठी रेल्वे स्थानकापासून फार दूर नसलेले एक कौटुंबिक लॉज घेतले होते. लिफ्ट चालू होती, सकाळी गरम पाणी न मागता मिळाले आणि आईसाठी खुर्चीवजा कमोड असलेली खोली दिली, या तीन गोष्टींसाठी त्या मालकांचे आभार मानायला हवेत. मात्र फोनवर सांगितलेल्या भाड्यात जादा गादीचे पैसे धरलेले नव्हते आणि ते निघताना समजले. खोलीत ओल्या कपड्यांसाठी दोरीही नव्हती. पावसाळ्यात कुटुंबाला खोली देणाऱ्याने पंख्याखाली कपडे वाळत घालण्याची सोय करायलाच हवी. ओले कपडे पिशवीत कोंबून मुलांना दुसऱ्या दिवशी तेच घालावे लागले, की सर्दी घरापर्यंत सोबत येते. खोली ठरवताना जादा गादी, सकाळचा चहा आणि कपडे वाळवण्याची जागा या तिन्ही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

पहिल्या दुपारी लांबच्या ठिकाणी जाण्याचा हट्ट धरू नये. शहरातच बिबी का मकबरा, पाणचक्की आणि सोनेरी महाल एवढे पुरेसे आहे. सोनेरी महाल विद्यापीठाच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे आणि बाहेर सर जोरात आलेली असताना मूर्ती, भांडी, नाणी शांतपणे पाहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा शहरात मला दिसली नाही. पाणचक्कीवर फार वेळ देण्याची गरज नाही. सतराव्या शतकात दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून, त्याच्या जोरावर पीठ दळले जात असे, हे मुलांना जागेवर दाखवता येते, एवढे तिचे मोल मोठे आहे. भाचीने जाते कसे फिरते ते दोनदा समजावून घेतले आणि मग सगळे हौदावरच्या जुन्या वडाखाली थोडा वेळ थांबले.

मकबऱ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्याला ‘दख्खनचा ताज’ म्हणून लोक आधीच दुय्यम ठरवतात आणि घाईत बाहेर पडतात. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आई दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ ही इमारत बांधवली. घुमट संगमरवरी आहे, भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी आहे, आणि मधला बराचसा भाग काळ्या दगडावर केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे. कोरड्या दिवसांत हा फरक पटकन कळत नाही. पावसात संगमरवर धुऊन निघतो आणि गिलावा ओल धरून काळपट दिसू लागतो, त्यामुळे इमारत कशी बांधली गेली हे भिंतीवरच वाचता येते. कबर तळघराच्या पातळीवर आहे आणि ती वरच्या सज्जातून, नक्षीदार संगमरवरी जाळीच्या पलीकडे पाहायची असते. आईला पायऱ्या चढताना हात द्यावा लागला, पण वर पोहोचल्यावर ती जाळीजवळ बराच वेळ उभी राहिली. आईसाठी मुलाने बांधलेली वास्तू, ही गोष्ट तिला ताजमहालाच्या कथेपेक्षा अधिक भावली असावी. ओल्या फरशीवर गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून जाऊ नये, ही सूचना येथे विशेष लागू पडते.

दुसरा दिवस वेरूळचा. त्यासाठी चालकासह मोठी गाडी दिवसभराच्या बोलीवर घेतली. चालकदादा अनुभवी होते. त्यांनी स्वतःहून सांगितले की आधी थेट वेरूळ गाठावे आणि दौलताबाद परतीच्या वाटेवर करावे. त्यांचा सल्ला अगदी योग्य ठरला. शहरापासून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर आहे आणि दौलताबाद त्याच रस्त्यावर साधारण निम्म्यात आहे, त्यामुळे अनेक जण आधी किल्ल्यावर थांबतात, तेथे दमतात आणि लेण्यांत पोहोचतात तेव्हा अंग मोडलेले असते. गाडीवाल्यांबद्दल एकच तक्रार: परतताना न विचारता एका मोठ्या दुकानासमोर गाडी थांबवण्यात आली. अशा थांब्यांना नको म्हणायचे असेल, तर ते निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही आखणीच्या आधी ध्यानात घ्यावे. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

लेण्यांची संख्या 34 आहे. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. सगळी पाहण्याचा संकल्प कुटुंबासोबत सोडून द्यावा. पावसाळ्यात, वडीलधाऱ्यांसह, 16 क्रमांकाचे कैलास, 10 क्रमांकाची विश्वकर्मा लेणी आणि जमल्यास गाडीने जाऊन 32 क्रमांकाची इंद्रसभा एवढे नीट पाहिले, तरी दिवस सार्थकी लागतो.

कैलास लेणे पावसात पाहणे हा या सहलीचा सर्वांत मोठा लाभ होता. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणून हे मंदिर घडवले गेले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण सरी सुरू असताना प्रांगणात उभे राहिले की वर आकाश, तिन्ही बाजूंनी ओला काळा कडा आणि मधोमध त्याच दगडातून निघालेले मंदिर, अशी ती रचना एकदम लक्षात येते. दगड भिजला की मूर्तींच्या कडा अधिक ठळक होतात. कोरड्या दिवशी करडा दिसणारा हत्ती त्या दिवशी काळाभोर दिसत होता, आणि कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाच्या शिल्पाजवळ भाऊजी मुलांना त्याचे हात मोजायला लावत होते. प्रांगणाच्या मागच्या बाजूला कड्यातच खोदलेल्या ओवऱ्या आहेत. पाऊस वाढला की तेथे आडोसा मिळतो आणि आडोशाला उभे राहूनही एकामागून एक शिल्पपट पाहता येतात. ज्यांना वरच्या मंडपाच्या अंधाऱ्या, उंच पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी या ओवऱ्यांतूनच फेरी मारावी. आईने तेच केले आणि तिचे काही हुकले असे मला वाटत नाही, कारण रामायण-महाभारताचे कोरीव पट खालीच, मंदिराच्या बाजूंच्या भिंतींवर आहेत आणि ती ते आम्हाला प्रसंगानुसार सांगत होती.

कैलासाच्या वरून दिसणाऱ्या दृश्यासाठी बाजूच्या टेकडीवर चढणारे लोक दिसतात. पावसाळ्यात मुलांना घेऊन तिकडे जाऊ नये. मुरूम सुटा होतो आणि कड्याची खोली वरून चटकन कळत नाही. ढगाळ दिवशी लेण्यांच्या आत उजेड फार कमी असतो, म्हणून मोबाइलवर विसंबण्याऐवजी एक चांगली विजेरी जवळ ठेवावी. विश्वकर्मा लेण्याच्या छतावर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या आहेत, त्या विजेरीच्या उजेडातच नीट दिसतात; ‘सुतार की झोपडी’ हे तिचे लोकांतले नाव का पडले, ते तेव्हा कळते. 29 क्रमांकाच्या लेण्याजवळचा सीता की नहाणी हा धबधबा येळगंगेला पाणी असेल तेव्हाच पाहण्यासारखा असतो. आम्ही गेलो तेव्हा तो चांगलाच कोसळत होता, पण पाण्याच्या अगदी जवळ उतरणाऱ्या तरुणांचा उत्साह पाहून काळजी वाटली.

घृष्णेश्वराचे दर्शन गर्दी नसल्यामुळे निवांत झाले. सध्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातले वरचे कपडे काढावे लागतात, त्यामुळे पावसात पंचा सोबत असावा. घाटात कोळशावर भाजलेली मक्याची कणसे मिळतात; लिंबू-तिखट लावलेले ते कणीस, वर चालू असलेली भुरभुर आणि खाली उतरत जाणारी हिरवळ, एवढ्यावर मुले मोबाइल विसरली, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

परतताना दौलताबाद. यादवांची देवगिरी, पुढे 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी म्हणून निवडलेला हा किल्ला पावसात पूर्ण चढण्याचा आग्रह धरू नये. खंदकात पाणी असते, शेवाळामुळे पायऱ्या निसरड्या होतात आणि ‘अंधारी’ हा भुयारी मार्ग मुलांना रोमांचक वाटला, तरी ओल, काळोख आणि वटवाघळे यांमुळे वयस्कांना त्याचा त्रासच होतो. आई खाली चाँद मिनार आणि हत्ती हौदाच्या परिसरात बसली. बाकीच्यांनी चिनी महाल आणि मेंढा तोफ पाहिली, अंधारीच्या तोंडापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. गडावर जनार्दनस्वामींची समाधी आहे. पैठणचे एकनाथ येथेच गुरूंकडे राहून शिकले, म्हणून आईने खालूनच गडाच्या माथ्याकडे पाहत हात जोडले. वर जाण्याची ताकद असलेल्यांनी त्यासाठी कोरड्या हवामानात वेगळा दिवस काढावा.

जेवणाबद्दल हे शहर निराश करीत नाही. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या भागात मारवाडी, गुजराती आणि जैन कुटुंबांची मोठी वस्ती असल्यामुळे कांदा-लसूण नसलेली थाळी मागितली, तर वाढपी नाक मुरडत नाहीत; आईला जैन थाळीत गरम फुलके, दोन भाज्या, कढी आणि मूग डाळीचा शिरा मिळाला आणि तिने पुन्हा कढी मागून घेतली. भाऊजींना मात्र आखाड साधायचा होता. त्यांनी शहरातला नान-खलिया खाल्ला. भट्टीत भाजलेला जाड, पिवळसर नान आणि मटणाचा तर्रीदार, झणझणीत रस्सा. या पदार्थाचा संबंध लोक तुघलकाच्या फौजेशी जोडतात. भाऊजींच्या सांगण्याप्रमाणे रस्सा दुपारच्या जेवणाला खावा, रात्री तो जड जातो. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गरम इमरती खाल्ली. उडदाच्या पिठाची ती इमरती ताज्या घाण्याची असेल तेव्हाच घ्यावी, पावसाळ्यात बांधून नेलेली लवकर मऊ पडते.

खरेदीत हिमरू आणि पैठणी या दोन नावांखाली यंत्रमागाचा मालही खपवला जातो. पारखण्याची सोपी पद्धत म्हणजे कापड उलटे करून पाहणे. हिमरू हे सुती आणि रेशमी धाग्यांचे विणकाम आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला नक्षीच्या जादा धाग्यांचे सुटे थर दिसतात. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच असतो. बहिणीने हिमरूची एक शाल घेतली, पैठणीला हात लावला नाही, कारण ती निवडायला बसून वेळ देणारी दुकाने वेगळी असतात.

म्हैसमाळ, पैठण आणि जायकवाडी या सहलीत मुद्दाम घेतले नाहीत, आणि तीच शिफारस इतरांनाही आहे. अजिंठा तर शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे आणि सोमवारी बंद असतो. तो वेरूळच्या दुसऱ्या दिवशी आईवडिलांच्या गळ्यात मारणे योग्य नाही. एका मुक्कामात शहर आणि वेरूळ, मधोमध पावसाला थांबण्याइतका मोकळा वेळ, आणि गाडी दिवसाच्या बोलीवर. पाऊस थांबण्याची वाट पाहता येईल अशी एक-दोन आडोशाची ठिकाणे रोजच्या आखणीत ठेवली, तर छत्री न उघडताही बरेच काही पाहून होते.