सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर काउन्सेलिंग: पाचपैकी चार तारे

आमचं भांडण नव्हतं, हे आधी सांगून टाकते. नवरा-बायको काउन्सेलरकडे जातात म्हटलं की लोकांना थेट घटस्फोटाचे कागदच दिसायला लागतात. आमच्या घरात सगळं चोख चालू होतं. बिलं वेळेवर, गाडीचं सर्व्हिसिंग वेळेवर, एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ. फक्त कोणी कोणाला हात लावत नव्हतं. मुलं घराबाहेर पडली, खोल्या रिकाम्या झाल्या, तरी पलंगाची मधली जागा मोकळीच राहिली.

ज्यांच्याबद्दल हे लिहितेय त्या काउन्सेलर मॅडमच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे 'संवाद वाढवा, बाहेर फिरायला जा' एवढंच ऐकायला मिळालं. शरीरसंबंध हा शब्द मी काढला की समोरचा माणूस वहीत काहीतरी लिहायला लागायचा. म्हणून यावेळी फोनवरच विचारलं, "तुम्ही सेक्सबद्दल सरळ बोलता का? त्याचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का?" पलीकडून लगेच "हो" आलं आणि कुठलं ट्रेनिंग तेही सांगितलं. शोधात असाल तर हा प्रश्न पहिल्या फोनलाच विचारा, बराच वेळ वाचेल.

सुरुवातीला दोघांना एकत्र बोलावलं, मग एकेकट्याला. एकट्याच्या सेशनमध्ये मॅडमनी विचारलं, "तुम्हाला कधी यांची भीती वाटते का? मारहाण, जबरदस्ती?" मी दचकलेच. नंतर पटलं. जिथे भीती आहे तिथे दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं, कारण खोलीत बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. एकटं असताना सांगितलेल्या गोष्टींचं पुढे काय होणार, काय त्या स्वतःपाशी ठेवतील आणि काय ठेवणार नाहीत, हेही आधीच स्पष्ट केलं.

मग म्हणाल्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणा. नवऱ्याला डायबेटिस आहे, बीपीची गोळी आहे. ताठरता टिकत नाही याला तो "वय झालं" म्हणून मोकळा झाला होता आणि मी मनातल्या मनात "मी आवडत नाही" म्हणून. मॅडमनी त्याला आधी डॉक्टरकडे धाडलं. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी तिथे आधी दिसतो, हे आम्हाला नव्यानेच कळलं. बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही औषधांनीही असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलून बदलता येते का ते बघायचं. त्याची हृदयाची तपासणी झाली, साखरेचं औषध बदललं.

माझी रवानगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं आणि संबंधाच्या वेळी दुखतं. जे दुखतं ते माणूस टाळतो, इतकं ते साधं होतं. मी मात्र ते 'माझी इच्छाच मेली' या खात्यात जमा करून बसले होते. ल्युब्रिकंट जेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं क्रीम, एवढ्याने निम्मं दुखणं गेलं. मानसोपचाराच्या खोलीतून निघून हे उत्तर मिळालं याची मला अजून गंमत वाटते. काउन्सेलरने शरीराकडे बघितलंच नसतं तर आम्ही वर्षभर बालपणाबद्दल बोलत बसलो असतो.

यानंतर गृहपाठ. पहिला नियम ऐकून नवरा हसला: संबंध ठेवायचे नाहीत, मॅडम सांगेपर्यंत बंदी. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन जोडीने 1970 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आहे. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त तो अनुभवायचा, मग अदलाबदल. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. समोरच्याला खूश करण्यासाठी हात लावायचा नाही, आपल्या बोटांना काय जाणवतंय तिकडे लक्ष द्यायचं. नको वाटलं तर तेवढं सांगायचं. 'शेवटपर्यंत' जायचंच नाही म्हटल्यावर त्याची परीक्षा संपली आणि माझी दुखण्याची धास्तीही.

पहिल्या रात्री त्याने विचारलं, "चष्मा ठेवू की काढू?" मोबाइलवर टायमर लावला. तो माझ्या दंडावरून हात फिरवत होता आणि माझ्या डोक्यात उद्याच्या कामांची यादी चालू. मग कोपराच्या वर त्याचं बोट थांबलं. "हे कसलं?" देवीच्या लसीचा वण तो, लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचा. "इतकी वर्षं इथेच आहे," मी म्हटलं. "मग मी कुठे होतो?" यावर दोघंही इतके हसलो की टायमर वाजून गेला. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, हसलात तर चालतंय, पण पुढच्या वेळी पूर्ण वेळ करा. कडक आहेत.

रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी 2000 मध्ये मांडलेला एक विचारही इथेच कळला. इच्छा दरवेळी आधी येत नाही. काहींना, विशेषतः जुन्या नात्यांत, जवळ आल्यावर ती मागाहून जागी होते. मी इतकी वर्षं तिची वाट बघत बसले होते. पण याचा अर्थ मन नसताना 'कर्तव्य' उरकायचं असा नाही, हे मॅडमनी लगोलग बजावलं. नवऱ्याकडे बघून बजावलं, हे मला आवडलं.

आता तक्रारी. 'जेव्हा तू अमुक करतोस तेव्हा मला तमुक वाटतं' असली वाक्यं घोकून घेतात, त्यात नवरा कस्टमर केअरसारखा बोलतो. पन्नास मिनिटांचं घड्याळ निर्दय आहे. खरी गोष्ट ओठावर येते आणि वेळ संपते. एक सेशन व्हिडिओवर केलं. घरी पाहुणे होते म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसून केलं, आणि वॉचमन दोनदा काच ठोकून गेला. शक्यतो समोरासमोरच जा. फी आम्हाला जड गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अपॉइंटमेंटचा मेसेज. त्यात 'दाम्पत्य व लैंगिक समुपदेशन' असं ठळक. तो माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर मुलीसमोर झळकला. मुलगी काही बोलली नाही, फक्त फोन उलटा करून ठेवला. एक तारा त्याचाच कापला आहे.

कोणी जाऊ नये? ज्याने मनातून संसार सोडलाच आहे आणि जोडीदाराला ते कळायचं बाकी आहे, त्याने आधी ते बोलावं. बाकी, जादू म्हणाल तर नाही. काही आठवडे काहीच घडत नाही, कधी दोघांपैकी एकजण कंटाळून झोपतो. बंदी उठली त्या दिवशी तर आम्ही दोघंही दमलेले होतो, उठली काय न् नाही काय. पण आता हात लागतो, आणि तो कशासाठी लागला याचा हिशोब कोणी मांडत नाही.

अधूनमधून अजून जातो. पुढची अपॉइंटमेंट नवऱ्याने घेतली आहे, स्वतःचा नंबर देऊन.