दोन रिलेचा टेंपरेचर कंट्रोलर आणि पंखा: खाऱ्या पाण्याच्या टाकीवर तिन्ही ऋतूंत वापरून

बेळगावची हवा थंड, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) कशाला, असं इथले टाकीवाले म्हणतात. चूक नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५च्या पुढे आणि पहाटे अंगावर चादर, ही तफावत कोरलला (प्रवाळाला) बाधते. लेदर कोरल (मऊ, कातड्यासारखं प्रवाळ) २५ अंशांवर मजेत असतं, २७ वरही असतं. रोज २५ ते २९ असे हेलकावे बसले की पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून मान टाकतं. हीटर आणि पंखा दोन्ही एकाच प्रोबवर (पाण्यात सोडलेल्या तापमानाच्या सेन्सरवर) चालवणारा हा हजाराच्या आतला कंट्रोलर त्यासाठीच घ्यायचा. टाकी २०० लिटरची, सोबत २०० वॅटचा हीटर आणि संपवर (टाकीखालच्या जोडटाकीवर) दोन छोटे पंखे.

सेटिंग: एफ१ (हवं ते तापमान) २५.५, एफ२ (किती फरक चालेल) ०.५, एफ३ (पुन्हा चालू होण्याआधीची थांब) १ मिनिट. म्हणजे २५ ला हीटर लागतो, २६ ला पंखा, आणि दोन्ही २५.५ वर बंद. एफ२ ०.३ वर आणला तर रिले (चालू-बंद करणारा आतला स्विच) दिवसभर टकटक करत बसतो आणि लवकर झिजतो. काचेचा थर्मामीटर प्रोबला लागून ठेवून फरक एफ४ मध्ये भरायचा. लाईट जाऊन आली तरी सेटिंग पुसत नाही. आपल्याकडे हे महत्त्वाचं.

खरी मेख प्रोबमध्ये आहे. संपमधलं पाणी उडून पातळी उतरली की प्रोब उघडा पडतो, डिसेंबरच्या रात्री हवेचं तापमान वाचतो आणि हीटर बंदच होऊ देत नाही. सकाळी कोरलचं सूप. म्हणून प्रोब संपच्या तळाजवळ बांधायचा आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २७ वर ठेवायचा. रिले चिकटला तरी तो आवरतो. मागच्या स्क्रू टर्मिनलवर मीठ चढतं, तेव्हा कंट्रोलर टाकीच्या वर नको, बाजूला बंद डब्यात. वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यायची. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर यातलं काहीच लावू नका.

पंखा पाणी उडवूनच ते गार करतो, त्यामुळे त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. उन्हाळ्यात २०० लिटरमधून दिवसाला ४ लिटर सहज उडतात. तीन दिवस दुर्लक्ष केलं की ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता ३७ च्या वर जाते. तापमान अगदी बरोबर आणि कोरल तरी मिटलेलं, असं कोडं पडतं. रोज गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भरायचं. घरच्या आरओचं पाणी चालेल असं वाटतं, पण त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम राखलेला असतो. पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार काढणारी गाळणी) लावून टीडीएस शून्य करा. बोअरचं पाणी तर नकोच. आणि चोर्ला घाटातून गोव्याचं समुद्रपाणी कॅनने आणायचा बेत असेल, तर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते निम्मं नदीचं असतं. क्षारता चढलीच असेल तर दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नये.

मिटलेल्या कोरलला काय करायचं? बहुतेक वेळा, कमी. लेदरवर मेणचट पापुद्रा दिसला तर ते कात टाकतंय. आठवडा-दोन आठवडे असं राहतं, वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत थोडा वळवून पापुद्रा निघू द्या, हाताने सोलू नका. पांढरं पडलं असलं तरी मांस घट्ट असेल तर ते जिवंत आहे: लाईट तिसऱ्या हिश्श्याने कमी, जागा तीच. तपकिरी बुळबुळीत आणि वास मारणारा भाग मात्र सडतोय, तो नव्या ब्लेडने निरोगी मांसापासून कापायचा. झोआंथिड (बटणांसारखं झुबक्याने वाढणारं कोरल) कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि त्यांचे दगड कधी उकळू नयेत. त्यांचं विष, पॅलिटॉक्सिन, वाफेतून जिवावर बेतू शकतं. माशांचं तांब्याचं औषध या टाकीत टाकायचं नाही.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) पुरते. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला खायचा सोडा ३ ग्रॅम, डीआयच्या पाण्यात विरघळवून, दिवसाला तेवढाच. फ्रूट सॉल्ट नव्हे, त्यात आम्ल असतं. बेकिंग पावडरही नव्हे.

दुकानदार कडक सांगाड्याचं कोरल दाखवेल, तिकडे बघूच नका: १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती सगळी आहेत. गॉर्गोनियनही (समुद्रपंखे).

पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत पंखा नुसता फिरतो, पाणी फारसं गार होत नाही. तेव्हा गरजही नसते. मे महिन्यातल्या उकाड्यात मात्र तो तोकडा पडतो. खोली पश्चिमेची असेल आणि टाकी ३०० लिटरच्या वर, तर पंख्याच्या नादी न लागता चिलरच घ्या. बाकीच्यांनी कंट्रोलरसोबत एक जादा प्रोब मागवून ठेवावा.