पॅरिसमध्ये बाबांना हाफ तिकीट: मशीनपाशी मदत करणाऱ्यापासून सावध

मे २०१९ ची गोष्ट आहे, पण परवा ऑफिसमधला एकजण पॅरिसला निघाला तेव्हा परत आठवलं म्हणून लिहितोय. आई-बाबांना घेऊन लंडनहून युरोस्टारने गार द्यू नॉर स्टेशनवर उतरलो. बाहेर पडायच्या आधीच एकजण "टॅक्सी? टॅक्सी?" करत मागे लागला, त्याला मी ऐटीत नाही म्हटलं, कारण खरी टॅक्सी रांगेत उभी असते, टपावर दिवा असतो, ड्रायव्हर प्रवासी शोधत आत येत नाही, हे सगळं वाचून गेलो होतो ना. आईला म्हटलं पण, बघ, असे असतात हे लोक.

आणि तिथून सरळ मेट्रोच्या तिकीट मशीनपाशी जाऊन फसलो.

मशीनला टच नाही, खाली एक गोल रोलर फिरवायचा. मी तो फिरवतोय, मागे रांग वाढतेय, बाबा म्हणतायत लवकर कर. तेवढ्यात गळ्यात लाल लेसचं ओळखपत्र घातलेला, इस्त्रीचा शर्ट, असा माणूस आला, मे आय हेल्प म्हणाला, भाषा इंग्लिश करून दिली, माझं कार्ड बघून मान हलवली की हे इथे चालत नाही. (चाललं असतं. मी घालूनच बघितलं नाही.) मग त्याने स्क्रीनवर पाच दिवसांचा पास काढून दाखवला, अडतीस युरोच्या वर किंमत, म्हणाला मी माझ्या कार्डाने काढतो, मला सवलत आहे, तुम्ही ३५ च द्या. बोटं भराभर चालली, काय दाबलं ते दिसलंच नाही, तीन तिकिटं हातात आली आणि मी १०५ युरो रोख दिले. वर थँक्यू पण म्हटलं.

गेट उघडलं, त्यामुळे शंकाच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिघांचीही तिकिटं मशीनने परत बाहेर फेकली. खिडकीतल्या बाईने तिकीट उलटसुलट केलं, मग आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, बाबांच्या मिशीकडे जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली हे चार ते नऊ वर्षांच्या मुलांचं आहे, एका वेळेचं. म्हणजे तेव्हा ७.४५ युरोला दहा मिळायची त्यातली तीन, एकेक पाऊण युरोचं. आठ हजार रुपये गेले! वर चेकर भेटला असता तर दंड आम्हालाच. बाबा म्हणाले, "एसटीत पण मला हाफच लागतं की." आई हसली, मला काही हसू आलं नाही.

खऱ्या पासवर नाव आणि तारीख लिहायला जागा असायची, हे त्या बाईनेच दाखवलं. आता ती पुठ्ठ्याची कार्नेट (दहा तिकिटांचा गठ्ठा) बंद झालीत, नाविगो नावाचं पुन्हा पुन्हा भरता येणारं कार्ड घ्यायचं किंवा फोनवर तिकीट भरायचं, जानेवारी २०२५ मध्ये साधं मेट्रो तिकीट २.५० आणि विमानतळाचं १३ युरो झालं. पण मशीनपाशी "मी काढून देतो" म्हणणारा भेटला तर कार्ड बदलल्याने काय फरक पडणार? स्टेशनचा खरा माणूस स्वतःच्या कार्डाने तिकीट काढून तुमच्याकडून रोख घेत नाही, बस. टॅक्सीचं त्यामानाने सोपं आहे, शार्ल द गोल विमानतळ ते शहर २०१६ पासून ठरलेला दर आहे, तेव्हा सीन नदीच्या उत्तरेला ५० युरो आणि दक्षिणेला ५५ होता, नंतर ५६ आणि ६५ झाला, जातानाही तोच, बॅगांचे वेगळे पैसे नाहीत.

परतीला विमानतळाला जाणारी आरईआर बी ही लोकल पकडायला पुन्हा त्याच स्टेशनवर गेलो. आणि तोच माणूस! तीच लाल लेस. एक म्हातारं जोडपं, बहुतेक कोरियन, पाकीट काढून उभं. मी बॅगा सांभाळेपर्यंत बाबा पुढे गेले पण, सांगली स्टँडवर ओरडावं तसं "अहो देऊ नका, चोर आहे तो!" तो गडी क्षणात गर्दीत गडप. ते आजोबा मात्र बाबांकडे बघत दोन पावलं मागे सरकले, आणि आजींनी पर्स घट्ट काखेत धरली.