लिब्रेऑफिस रायटर, आठ महिन्यांनंतर: 'झोपलो' या काठाला, 'होतो' त्या काठाला

पहिल्याच महिन्यात मी या रायटरला, म्हणजे वर्डसारख्या लिहायच्या फुकट प्रोग्रॅमला, पाचांपैकी एक तारा देऊन मोकळा झालो होतो. तो मागे घेतो. सगळा नाही, पण बराचसा.

काय काय येतं यात, ते सगळ्यांना माहीत आहे, उगाळत बसत नाही. मी घेतला तो फुकट म्हणून. आधीच्या पॅकेजचं वर्षाचं भाडं संपलं तेव्हा अण्णांचं पुस्तक अर्ध्यावर होतं आणि एका पुस्तकापायी पुन्हा पैसे भरायचं माझ्या जिवावर आलं.

पुस्तक म्हणजे अण्णांच्या आठवणी. छत्तीस वर्षं त्यांनी नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे नोटा-मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यात काढली. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. आयुष्य भिंगाखाली कागद धरण्यात गेलेला माणूस. घरात लग्नपत्रिका आली तर आधी छपाई बघतो, मग कुणाचं लग्न ते. पन्नासच प्रती काढायच्या, नातेवाइकांत वाटायला, पण डेमी साइजची २१२ पानं दोन्ही बाजूंनी सरळ हवीत. "उजवीकडनं उंदरानं कुरतडल्यासारखं नको," एवढंच म्हणाले.

मग काय, सगळं निवडलं आणि कंट्रोल-जे, म्हणजे जस्टिफाय, ओळी दोन्ही काठांना भिडवायची कळ. चौथ्या पानावर एका ओळीत दोनच शब्द. 'झोपलो' डाव्या समासाला, 'होतो' उजव्या समासाला, आणि मध्ये गोदावरी. तीही श्रावणातली. खाली एक ओळ बरी, की पुन्हा तेच. पहिली नव्वद पानं अशी.

ही नव्वद पानं २०१२ मध्ये रविवार कारंज्याजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये. मी ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणली. सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांतून गाडी काढत त्याच्याकडे गेलो. त्यानं स्क्रीनकडे न बघताच निदान केलं: "फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना? मग असंच होणार." नव्यानं लावून द्यायचे पानाला ४० रुपये. ८,४८० रुपये! घरी आलो आणि तो एक तारा रायटरच्या नावावर टाकला.

चूक माझी. कंट्रोल-एफ१० दाबलं की न दिसणाऱ्या खुणा दिसतात, हे मला दीड महिन्यानं कळलं. दाबलं, तर प्रत्येक ताणलेल्या ओळीच्या शेवटी वळलेला बाण. म्हणजे त्या भल्या माणसानं ओळ संपली की शिफ्ट-एंटर मारला होता. जस्टिफायचा नियम असा की परिच्छेदाची शेवटची ओळ सोडायची, बाकीच्या काठापर्यंत ताणायच्या. शिफ्ट-एंटरनं ओळ तुटते, परिच्छेद संपत नाही. त्याचं पान ए-फोर, माझं त्याहून लहान, डेमी. त्याची लांब ओळ माझ्याकडे एक पूर्ण आणि दोन शब्दांचं शेपूट अशी तुटायची, आणि ते शेपूट शेवटची ओळ नाही म्हणून बिचारं ताणलं जायचं. प्रोग्रॅम सांगितलेलं काम इमानदारीनं करत होता.

टूल्स, ऑप्शन्स, रायटर, कंपॅटिबिलिटी इथे अशा ओळी ताणायच्या की नाही याची टिक आहे. वर्डमध्येही अ‍ॅडव्हान्स्डच्या तळाशी, लेआउट ऑप्शन्समध्ये तशीच सोय आहे. टिक काढली तर शेपटं डावीकडे गोळा होतात, पण ओळी तुटक्याच राहतात. अण्णांच्या भाषेत, भिंतीला ओल आणि वरून डिस्टेंपर. बाण काढायलाच हवे होते.

फाइंड अँड रिप्लेस उघडलं, रेग्युलर एक्स्प्रेशन्सची (खुणांनी शोधायची) टिक केली, शोधायच्या चौकटीत उलटी तिरकी रेघ आणि छोटा एन, म्हणजे तो बाण, बदलायच्या चौकटीत एक स्पेस. रिप्लेस ऑल. अख्खं 'भरतीचे दिवस' प्रकरण अकरा पानांचा एकच परिच्छेद झालं. कंट्रोल-झेड.

दोन दिवस डोकं धरून बसलो. मग लक्षात आलं, डीटीपीवाल्यानं नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला प्रत्येक वेळी पाच स्पेस मारल्या आहेत. आळशी माणसाची शिस्त! आधी 'बाण आणि पाच स्पेस' शोधून त्या जागी खरा परिच्छेद घातला (गंमत म्हणजे बदलायच्या चौकटीत तीच खूण परिच्छेद होते). नंतर उरलेल्या बाणांच्या जागी एकेक स्पेस, शेवटी दोन-दोन स्पेसची एक. नव्वद पानं चहा निवायच्या आत सरळ. ८,४८० रुपये वाचले. त्या संध्याकाळी मी पाच तारे दिले असते.

दिले नाहीत ते बरं, कारण भिंग घेऊन अण्णा बसले होते. मी स्वतः टाइप केलेल्या पानांवर काही ओळी विनाकारण विरळ. ही चूकही माझीच, मेलमधून उचललेल्या मजकुरात न तुटणाऱ्या स्पेस आल्या होत्या. त्यांनी चिकटलेले शब्द एकत्रच खाली उतरतात आणि वरची ओळ भकास होते. रायटर त्या करड्या रंगात दाखवतो, म्हणून सापडल्या.

एवढं करूनही थोडी भगदाडं उरलीच, आणि ती आपल्या मराठीची आहेत. हिंदीत 'कारखाने के बाहर' हे तीन शब्द, मध्ये दोन स्पेस. आपलं 'कारखान्याबाहेर' एकच, आणि वाढून 'कारखान्याबाहेरच्यांनासुद्धा' झालं तरी एकच. सव्वाचार इंचाच्या ओळीत असे दोन आले की ताणायला स्पेस उरतात चार. इंग्रजी मजकुरात प्रोग्रॅम शब्द तोडून देतो. माझ्याकडे मराठी शब्द एकदाही आपणहून तुटला नाही. माझा खरा राग आहे तो इथे, आणि तीन तारे त्यामुळेच. पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये स्पेस किती आवळायची, किती सोडायची याचे आकडेच असतात, मुळात ८०, १००, १३३ टक्के, आणि तो ओळ तोडताना अख्ख्या परिच्छेदाचा विचार करतो. पण त्याचंही भाडं आहे.

मी हातानं तोडले. शब्दात हवं तिथे कंट्रोल आणि वजाचं बटण. गरज पडली तरच रेघ दिसते, एरवी लपलेली. जोडाक्षराच्या पोटात मात्र तोडायचं नाही. सुमारे दीडशे ठिकाणी केलं. फाँट तेराचा साडेबारा केला, त्यानंच निम्मं काम झालं. (आकार बदलूनही देवनागरी ढिम्म राहिली तर घाबरू नका, देवनागरीचा आकार 'कॉम्प्लेक्स'च्या खात्यात वेगळा असतो. माझी एक दुपार त्यात गेली.)

परवा पीडीएफ काढून अण्णांना दिली. पान ८७ वर बोट ठेवलं. "ही ओळ अजून सैल आहे." तोडण्यासारखा शब्द नव्हता, स्पेस चारच. मी म्हटलं, अण्णा, आता राहू द्या. त्यांनी चष्मा वर केला, वाक्य दोनदा पुटपुटले आणि म्हणाले, "साहेबांच्या आधी 'त्या' घाल. होतेच ते तसे."

घातला. ओळ बसली.